बीएस्सीच्या मध्यावर कॉलेज बदलायचं का? आधी प्रयोगशाळा बघून या

प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला सत्रात ३० तास लागतात, थिअरीच्या एका क्रेडिटला १५. म्हणजे दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल असेल तर सत्रभरात ६० तास. पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला चार तास प्रयोगशाळेत उभं राहायला हवं. कॉलेज बदलायचा विचार डोक्यात घोळत असेल तर सगळ्यात आधी गेल्या सत्राचं जर्नल, म्हणजे प्रयोगवही, काढा आणि मोजा. प्रॅक्टिकल प्रत्यक्षात किती वेळा झालं? दर वेळी किती तास चाललं? त्यातला किती वेळ उपकरण तुमच्या हातात होतं आणि किती वेळ तुम्ही दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत होता?

पंधरापैकी बारा-तेरा पाळ्या झाल्या असतील तर कॉलेजची इमारत कशीही असो, तुमचं बरं चाललंय. पाच-सहाच झाल्या असतील आणि बाकीचे प्रयोग परीक्षेआधीच्या आठवड्यात सिनियरच्या जर्नलमधून उतरवून घेतले असतील, तर तुमची तक्रार खरी आहे. तेव्हाच पुढचं वाचा.

कमी नेमकं काय आहे?

"आमच्याकडे काहीच होत नाही" एवढ्यावर निर्णय घेता येत नाही. कमतरता चार तऱ्हेच्या असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा.

पहिली, शिक्षक नसणं. मराठवाड्यातल्या बऱ्याच अनुदानित कॉलेजांत निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि शिकवणं तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या शिक्षकांवर चालतं. यात एक गोष्ट नीट समजून घ्या. सीएचबीचे सर किंवा मॅडम कमी शिकलेले असतात असं मुळीच नाही. नेट-सेट झालेली, पीएचडी असलेली माणसं तुटपुंज्या मानधनावर मन लावून शिकवतात. अडचण नेमणुकीची असते. ती दर वर्षी नव्याने होते, अनेकदा सत्र सुरू झाल्यावर होते, आणि तोवरचे आठवडे वाया जातात. म्हणून "पर्मनंट किती?" एवढंच विचारू नका. "माझ्या मेजर, म्हणजे मुख्य, विषयाला गेल्या वर्षी तास कोणत्या तारखेला सुरू झाले?" हेही विचारा.

दुसरी, उपकरणं नसणं किंवा असून कपाटात बंद असणं. ही उणीव विद्यार्थ्याला स्वतःच्या बळावर भरून काढता येत नाही, आणि कॉलेज बदलायला हे सगळ्यात सबळ कारण आहे.

तिसरी, हवा तो विषयच नसणं. मायक्रोबायोलॉजी, संख्याशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, भूगर्भशास्त्र हे विषय तालुक्याच्या ठिकाणी फार कमी मिळतात. इथे खाचखळगा असा की दुसऱ्या वर्षाला जो विषय मेजर म्हणून हवा, तो पहिल्या वर्षी शिकलेला असावा लागतो. भौतिक-रसायन-गणित घेऊन पहिलं वर्ष काढलं आणि आता मायक्रोबायोलॉजी हवं, तर थेट दुसऱ्या वर्षात सहसा बसता येत नाही, नव्याने पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. वर्ष घालवणं परवडेल का, हा मग वेगळाच प्रश्न.

चौथी, सोबत नसणं. एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा देणारं, संशोधनाबद्दल बोलणारं आजूबाजूला कुणीच नाही. ही खंत खरी असते, पण तेवढ्यासाठी गाव सोडायची गरज नाही. त्याचे मार्ग पुढे दिले आहेत.

आणखी एक कारण असतं, जे बरेच जण मोठ्याने सांगत नाहीत. लातूरला किंवा नांदेडला जायचं असतं ते नीटच्या क्लाससाठी, बीएस्सी फक्त हजेरीपुरती हवी असते. असं असेल तर निदान स्वतःशी आणि घरच्यांशी सरळ बोला. नीटचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा, दुसऱ्या वर्षाच्या बीएस्सीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. चांगल्या विज्ञान विभागात चार-चार तासांची प्रॅक्टिकल सांभाळून नीट रिपीट करणाऱ्यांची दोन्हीकडे ओढाताण होते. क्लाससाठी जायचं असेल तर विभाग किती भक्कम आहे हे बघायचं कारणच उरत नाही.

नवं कॉलेज कसं तपासायचं

प्रवेशाच्या दिवसांत, जून-जुलैमध्ये, कॉलेज बघायला जाणं म्हणजे लग्नाच्या दिवशी घर बघण्यासारखं. सगळं झाडूनपुसून ठेवलेलं असतं आणि प्रयोगशाळेला कुलूप असतं. जानेवारी ते मार्च या काळात, सत्र भरात असताना, कामाच्या दिवशी दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान जा. आधी विभागप्रमुखांना भेटा आणि सरळ सांगा: "सर, मी अमुक कॉलेजला एफवायला आहे, पुढच्या वर्षी इथे यायचा विचार आहे. दहा मिनिटं लॅब बघू का?" चांगल्या विभागात नकार मिळत नाही. उलट कुणीतरी विद्यार्थी सोबत देतात आणि तो विद्यार्थी तुम्हाला खरी माहिती देतो.

भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोमीटर किती आहेत आणि बॅचमध्ये मुलं किती, ते मोजा. एका स्पेक्ट्रोमीटरमागे दोघं-तिघं असतील तर ठीक. सहा-सात जण असतील तर रीडिंग घेतो एक आणि उतरवतात बाकीचे. मग दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याचं जर्नल मागा आणि न्यूटन्स रिंग्जचं पान उघडा. सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५८९३ अँगस्ट्रॉम, हे पुस्तकात छापलेलंच असतं. खऱ्या प्रयोगात उत्तर ५८१० येतं, ५९६० येतं. वलयाच्या व्यासाचा वर्ग आणि वलयाचा क्रमांक यांचा आलेख काढला की एखादा बिंदू रेषेबाहेर जातो आणि त्याच्याशेजारी पेन्सिलीने केलेली खूण असते. चार जर्नलं पाहिली आणि चारीत उत्तर बरोबर ५८९३, आलेखावरचा प्रत्येक बिंदू रेषेवर, रीडिंगही तीच, तर त्या लॅबमध्ये सोडियमचा दिवा फार वेळा पेटत नाही. या एका पानावरून जेवढं कळतं तेवढं कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतून कळत नाही.

हीच तपासणी रसायनशास्त्राला ब्युरेटच्या रीडिंगवर करता येते. नेहमीच्या ५० मिलिलिटरच्या ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरपर्यंत वाचता येतं, तेव्हा तीन रीडिंग ९.८, ९.९, ९.८ अशी असणं साहजिक आहे. पानामागून पान १०.०, १०.०, १०.० दिसलं तर काय समजायचं ते समजा. फ्यूम हूडचा पंखा चालतो का, ते चालू करून दाखवायला सांगा. डिस्टिल्ड वॉटर लॅबमध्येच तयार होतं का? बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवर तारखा आहेत का? सिल्व्हर नायट्रेट महाग असतं, काटकसरीत सगळ्यात आधी तेच बंद होतं. ते विद्यार्थ्यांच्या हातात मिळत असेल तर विभागाला रसायनांसाठी पैसे मिळतात असं समजायला हरकत नाही.

मायक्रोबायोलॉजीत इनक्युबेटर उघडून बघा. ३७ अंशाला ठेवलेल्या पेट्री डिशवर विद्यार्थ्यांची नावं आणि याच आठवड्यातल्या तारखा असाव्यात. ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबाला १२१ अंश तापमान पंधरा मिनिटं टिकवायचं असतं. त्याचा गेज चालू आहे का, सील फाटलेलं तर नाही ना, हे लॅब असिस्टंटला विचारलं तर ते खरं सांगतात. प्रयोगशाळेची नाडी कुणाच्या हातात असेल तर ती या माणसाच्या. त्यांच्याशी अदबीने बोला.

मोठं यंत्र दाखवून भुलवण्याचा प्रकारही होतो. काचेच्या खोलीत यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो, वर प्लास्टिकचं आच्छादन, बाहेर अनुदान देणाऱ्या संस्थेच्या नावाची पाटी. त्या यंत्राशेजारी वापराची नोंदवही असायला हवी: तारीख, नाव, नमुना, सही. शेवटची नोंद कधीची आहे ते वाचा. बीएस्सीच्या विद्यार्थ्यांची नावं त्यात आहेत का तेही बघा. फक्त पीएचडीवाल्यांची असतील तर ते यंत्र तुमच्यासाठी नाही.

जाता जाता, भौतिकशास्त्र घेणाऱ्यांनी मायकेल्सन इंटरफेरोमीटर आहे का हे जरूर विचारावं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया उभी राहते आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांच्या त्या वेधशाळेचं मूळ तत्त्व या टेबलावरच्या उपकरणाचंच आहे. मराठवाड्यातल्या मुलामुलींनी या उपकरणातल्या प्रकाशाच्या पट्ट्या सरकताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या असाव्यात, असं मनापासून वाटतं.

गणिताला लॅब जवळजवळ नसतेच. तिथे शिक्षक आणि ग्रंथालय बघा. रिअल अॅनालिसिस आणि अल्जेब्रा कोण शिकवतं, सोडवलेल्या प्रश्नसंचांवर भागतं की सिद्धता फळ्यावर होतात, एवढं एका तासाला मागच्या बाकावर बसलं तरी कळतं.

कागदावर काय बघायचं

नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. तिची श्रेणी अख्ख्या कॉलेजला मिळते, तुमच्या विभागाला नव्हे. कला शाखा आणि क्रीडा विभागाच्या जोरावर ए-प्लस मिळालेलं कॉलेज वनस्पतिशास्त्रात कच्चं असू शकतं. श्रेणी सोडा, पण नॅकसाठी कॉलेजने भरलेला स्वयंमूल्यांकन अहवाल आणि दर वर्षीचा एक्यूएआर, म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवाल, संकेतस्थळावर असतो, तो उघडा. दुसऱ्या निकषात मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती हे असतं. पाचव्या निकषात पुढच्या शिक्षणाला किती विद्यार्थी गेले याची यादी असते. ती यादी विषयवार वाचा. तुमच्या विषयातून गेल्या तीन वर्षांत कोण कुठे एमएस्सीला गेलं, हे "विद्यापीठात प्रथम" लिहिलेल्या फ्लेक्सपेक्षा कितीतरी कामाचं आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना पदवीच्या विभागांसाठी, तिथल्या प्रॅक्टिकलवर भर देऊन असते, म्हणून ती ज्या विभागाला मिळाली आहे तिथे मुद्दाम चौकशी करा.

स्वायत्त कॉलेज असेल तर अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा असतो. ही चांगली गोष्टही आहे आणि तुमच्यासाठी अडथळाही.

विद्यापीठाची सीमा

बदल करताना सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मराठवाड्यातली बीएस्सीची कॉलेजं मुख्यतः दोन विद्यापीठांना संलग्न आहेत. १९५८ मध्ये सुरू झालेलं, आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, याच्याकडे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली. अंतर आणि विद्यापीठ यांचा मेळ नाही. किनवटहून नांदेड लांब, पण विद्यापीठ एकच. अंबाजोगाईहून लातूर तासा-दीड तासाच्या रस्त्यावर, पण विद्यापीठ बदलतं. कळंब-लातूर, परळी-गंगाखेड, परतूर-सेलू, सगळीकडे हीच गत.

एकाच विद्यापीठात, दोन्ही कॉलेजं संलग्न असतील तर अभ्यासक्रम तोच, पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक तोच, काम सोपं. विद्यापीठ बदललं की स्थलांतर प्रमाणपत्र म्हणजे मायग्रेशन लागतं, नव्या विद्यापीठाची पात्रता म्हणजे एलिजिबिलिटी लागते, आणि अभ्यासक्रमाची समकक्षता, म्हणजे दोन्हीकडचे पेपर जुळतात का, हे तपासलं जातं. त्याच विद्यापीठातल्या स्वायत्त कॉलेजात जायचं असलं तरी समकक्षता सुटत नाही.

समकक्षतेसाठी घरीच एक तक्ता करा. डावीकडे पहिल्या दोन सत्रांत तुम्ही शिकलेले सगळे पेपर, त्यांचे कोड आणि क्रेडिट. उजवीकडे नव्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे पेपर, त्यांच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमातून. वर्षाला साधारण ४४ क्रेडिट भरतात. मुख्य विषय सहसा जुळतात. जुळत नाही ते किरकोळ वाटणारं सामान: ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणालीचा पेपर, को-करिक्युलर. एका ठिकाणी हा पेपर पहिल्या सत्रात, दुसरीकडे तिसऱ्यात. मग दोन क्रेडिट कमी पडतात आणि ते भरायला पुढच्या वर्षी ज्युनियरसोबत बसावं लागतं. तक्ता घेऊन विभागप्रमुखांकडे जा आणि "हे दोन पेपर जुळत नाहीत, काय करावं लागेल?" असं विचारा, शक्य असेल तर उत्तर लेखी घ्या.

मिळवलेले क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये, तुमच्या १२ अंकी क्रमांकाच्या खात्यात जमा होतात. डिजिलॉकरमधून ते खातं उघडून दोन्ही सत्रांचे क्रेडिट चढले आहेत का ते आत्ताच बघा. न चढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असणं: एकात वडिलांचं नाव आहे, दुसऱ्यात नाही, किंवा आडनाव आधी-नंतर. ही दुरुस्ती जुन्या कॉलेजात असताना सोपी जाते, नंतर दोन कार्यालयांत हेलपाटे पडतात.

एखादा विषय राहिला असेल, एटीकेटी असेल, तर विद्यापीठ बदलायचा विचार सध्या बाजूला ठेवा. राहिलेला विषय जुन्या विद्यापीठाचा, त्याची परीक्षा तिथेच द्यायची, आणि तो सुटेपर्यंत पात्रता लटकलेली. बॅकलॉग घेऊन विद्यापीठ बदलणाऱ्यांचं वर्ष जायची भीती सगळ्यात जास्त.

कागदपत्रांचा क्रम

आधी टीसी काढायचा नाही. हे वाक्य दोनदा वाचा. उत्साहाच्या भरात मुलं निकालाच्या दुसऱ्याच दिवशी टीसी काढतात, नव्या ठिकाणी जागा नसते, आणि जुन्या कॉलेजात परत प्रवेश मागावा लागतो. क्रम असा ठेवा. निकाल लागताच नव्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी अर्ज. तिथून जागा असल्याचं आणि प्रवेश द्यायला तयार असल्याचं लेखी, निदान अर्जावर प्राचार्यांचा शेरा आणि सही. मग जुन्या कॉलेजकडून ना हरकत. मग टीसी. विद्यापीठ बदलत असेल तर त्यानंतर मायग्रेशन.

दुसऱ्या वर्षात जागा असतात का? बऱ्याचदा असतात, कारण पहिल्या वर्षानंतर काही मुलं वैद्यकीय, फार्मसी, कृषी अशा प्रवेशांसाठी निघून जातात. पण त्या किती आणि कोणत्या विषयात हे निकालाच्या सुमारासच कळतं, म्हणून त्या आठवड्यात रोज फोन करायची तयारी ठेवा.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन परत. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. जुनं कॉलेज मूळ गुणपत्रिका द्यायला खळखळ करत असेल तर शांतपणे सांगा की मूळ कागद अडवून ठेवायला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मनाई आहे, आणि तसा लेखी अर्ज द्या. ग्रंथालयाचं पुस्तक, लॅबमध्ये फुटलेल्या काचेची भरपाई, जिमखान्याचं ओळखपत्र, अशा बारीकसारीक बाकीपायी नो ड्यूज अडतं, ते आधीच उरकून टाका. दहावी-बारावीची गुणपत्रिका, पहिल्या वर्षाच्या दोन्ही सत्रांची गुणपत्रिका, जातीचा दाखला, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधार, या सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स आणि स्कॅन करून मोबाइलमध्ये ठेवा. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला निघायला वेळ लागतो, तो मे महिन्यातच मागून ठेवा.

पैशाचा हिशेब

पहिला प्रश्न: मिळणारी जागा अनुदानित तुकडीतली की विनाअनुदानित? एकाच कॉलेजात, एकाच वर्गात दोन्ही असू शकतात आणि फीमध्ये बराच फरक असतो. फॉर्म भरण्याआधी विचारा, पावती फाडल्यावर नको.

राहण्या-जेवणाचा अंदाज शहराच्या नावावरून करू नका. त्याच कॉलेजात शिकणाऱ्या तिघांना रूमचं भाडं, अनामत, मेसचा महिन्याचा दर आणि मेस किती दिवस बंद असते हे विचारा. दहा महिन्यांचा आकडा काढा आणि त्यात घरी येण्या-जाण्याचे, जर्नल-एप्रन-परीक्षा फीचे पैसे मिळवा. रोज येऊन-जाऊन करायचं असेल तर एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, पण पासापेक्षा परतीची शेवटची गाडी महत्त्वाची. चार तासांचं प्रॅक्टिकल पाचला सुटतं. गावाकडची गाडी साडेचारला असेल तर दर आठवड्याला अर्धं प्रॅक्टिकल सोडून पळावं लागेल, आणि मग कॉलेज बदलून काय मिळालं?

राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती असेल तर जुन्या कॉलेजकडून पहिल्या वर्षाचा अर्ज पुढे गेला आहे का, हप्ता बाकी आहे का, हे निघण्याआधी लिपिकाकडून तपासून घ्या. नव्या वर्षाच्या अर्जात जुन्याच कॉलेजचं नाव दिसलं तर तसाच सबमिट करू नका, नव्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला दाखवा. गाव सोडून राहणार असाल तर एक वाट नव्याने उघडू शकते: शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अटी आणि मुदती समाजकल्याण, आदिवासी विकास प्रकल्प किंवा इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात जाऊनच विचारा. वसतिगृहाचा अर्ज आधी करावा लागतो, तो चुकला की पुढचंही हुकतं.

घरी हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. आई-वडिलांना "तिकडचं कॉलेज भारी आहे" यापेक्षा "इथे सहा प्रॅक्टिकल झाली, तिथे तेरा झाली, महिन्याला इतके जास्त लागतील" हे पटतं, आणि पटलं नाही तरी निदान बोलणं मुद्द्यावर राहतं.

केव्हा बदलू नये

तिसऱ्या वर्षाला नाही. नवे शिक्षक, नवी लॅब, नवे विषयतज्ज्ञ यांची ओळख होईतो पदवी हातात येते. आणि एमएस्सी ही तशीही बदलाची रीतसर वाट आहे: कॉलेज बदलणाऱ्या सगळ्यांनाच टीसी काढावा लागतो, कुणाला कारण सांगावं लागत नाही. आयआयटींच्या जॅम या एमएस्सी प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न, १०० गुण, तीन तास. तुम्ही कोणत्या तालुक्यातून बीएस्सी केलं हे त्यात कुठेच येत नाही. विद्यापीठांच्या एमएस्सी विभागांचंही तेच.

कमतरता फक्त सोबतीची किंवा एखाद-दुसऱ्या पेपरची असेल तरी थांबा. एनपीटीईएल-स्वयम् या ऑनलाइन मंचावर चांगल्या प्राध्यापकांचे पूर्ण अभ्यासक्रम आहेत. ग्रंथपालांकडे एन-लिस्टचं, म्हणजे ऑनलाइन पुस्तकं आणि संशोधनपत्रिकांच्या संग्रहाचं, लॉगिन मागा, आमच्या पाहण्यात हे मागणारे विद्यार्थी फारच थोडे असतात. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी निअस हा विज्ञानाचा उपक्रम चालवतं. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, तिचे अर्ज हिवाळ्याच्या तोंडावर भरायचे असतात, उन्हाळा लागल्यावर नाही. प्रॅक्टिकल कमी होत असतील तर अख्ख्या बॅचच्या सह्यांचा अर्ज प्राचार्यांना द्या, प्रत आयक्यूएसी, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना. अर्जात तक्रार नको. "या सत्रात नियोजित १५ पैकी ६ पाळ्या झाल्या, उरलेल्या शनिवारी घ्याव्यात ही विनंती" एवढंच. पुष्कळदा काम होतं, कारण ही नोंद नॅकच्या वेळी कॉलेजलाही हवी असते.

गेल्यावर पहिले दोन महिने

नव्या ठिकाणी पहिल्या चाचणीत गुण कमी पडतील, त्याने घाबरून जाऊ नका. जुन्या कॉलेजात मराठीतून समजावलेलं इथे इंग्रजीतून येतं, आणि पहिल्या वर्षाचे काही प्रयोग तुम्ही केलेलेच नसतात. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एखाद्याचं पहिल्या वर्षाचं जर्नल घ्या, न केलेल्या प्रयोगांची यादी करा आणि लॅब असिस्टंटना विचारून रिकाम्या वेळेत त्यातले चार-पाच तरी हाताने करा. व्हर्निअर, स्क्रूगेज, ब्युरेट, मायक्रोस्कोपची ऑइल इमर्शन लेन्स यावर हात बसलेला नसेल तर दुसऱ्या वर्षाचा प्रत्येक प्रयोग अर्धा तास मागे पडतो.

जुन्या कॉलेजचं सही-शिक्क्याचं जर्नल रद्दीत देऊ नका, समकक्षतेच्या वेळी कुणी मागितलं तर तेच कामी येतं. आणि तिसऱ्या सत्राचा परीक्षा अर्ज भरताना स्क्रीनवर पीआरएन, कॉलेजचा कोड, मेजर-मायनर आणि प्रत्येक पेपरचा कोड स्वतः वाचा. बदलून आलेल्यांच्या अर्जात जुन्या कॉलेजचा मायनर, म्हणजे दुय्यम विषय, तसाच राहिलेला सापडतो. तो हॉल तिकिटावर दिसेपर्यंत थांबलात तर दुरुस्तीला परीक्षा विभागात जावं लागतं, अर्जाच्या मुदतीत मात्र ती कॉलेजच्या खिडकीवरच होते.